लखनऊला विचारलं, उन्हाळा वाढलाय का?

माझ्या लखनऊच्या सहलीला सहल म्हणायला मला अजूनही जरा संकोच वाटतो, कारण त्या आठ दिवसांचं निमित्त होतं शंभर छापील फॉर्मांचा गठ्ठा. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. पुण्यात लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी तात्पुरती नोकरी करत होते. आमचे देशमाने सर एके दिवशी टेबलापाशी येऊन म्हणाले, "लखनऊमध्ये तुझं कुणी आहे का?" मी भाबडेपणाने "कुसुममावशी आहे" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी माझं तिकीट निघालं. राहण्याचा खर्च वाचतोय म्हटलं की आमच्या संस्थेला संशोधनाचा फार उत्साह यायचा.

विषय होता हवामानबदल. तेव्हा हा शब्द वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या आसपास कुठेतरी असायचा. सरांना जाणून घ्यायचं होतं की साध्या माणसाला यातलं काय वाटतं. फॉर्मवर हिंदीत तीनच प्रश्न होते: ऋतुमान बदलल्यासारखं वाटतं का, कशामुळे बदलतंय, आणि ही गोष्ट किती गंभीर आहे. शेवटच्या प्रश्नापुढे चार चौकोन, 'मुळीच नाही'पासून 'अतिशय'पर्यंत. नियम एकच, पण कडक. प्रश्न जसा छापलाय तसाच विचारायचा. शब्द बदलला की फॉर्म बाद.

आम्ही तिघं तात्पुरते होतो, तिघांना तीन शहरं दिली होती आणि मार्चनंतर आमच्यातल्या एकालाच कायम करणार होते. मला कायम व्हायचं होतं, अगदी जिवापाड. नाहीतर सोलापूरला परत. तिथे बाबांनी माझ्यासाठी स्थळांची फाइल करून ठेवली होती, आणि बाबांची कुठलीही फाइल अर्धवट राहत नाही. पुण्यातली माझी दहा बाय दहाची खोली, स्वतःच्या पगारातून घेतलेला स्टोव्ह आणि रविवारी कुणालाही न विचारता खाल्लेली भेळ मला सोडायची नव्हती.

कल्याणला लखनऊची गाडी पकडली. जानेवारी संपत आला होता. तुम्ही जाणार असाल तर याच दिवसांत जा, फक्त वेळापत्रक घरी ठेवून जा. झाशीपर्यंत गाडी शहाण्यासारखी धावली. कानपूरच्या अलीकडे धुकं असं उतरलं की खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसेना, आणि गाडी चार तास जागच्या जागी उभी राहिली. डब्यातल्या काकूंनी मला पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि आवळ्याचं लोणचं दिलं. मी काम सुरू करायच्या उद्देशाने त्यांना विचारलं, "आपको लगता है मौसम बदल रहा है?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "पहले ये गाड़ी तो चल पड़े बेटा, मौसम बाद में देखेंगे."

चारबाग स्टेशनवर मावशी आणि तिची मुलगी रेणू घ्यायला आल्या होत्या. काका बँकेत, त्यामुळे ही मंडळी पंधरा वर्षांपासून लखनऊच्या महानगर नावाच्या वस्तीत राहत होती. मावशीचं मराठी अजून पक्कं सोलापुरी, पण मधूनमधून हिंदी पेरलेलं. रेणूला मराठी सगळं कळायचं आणि ती उत्तर हिंदीतच द्यायची. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, मोपेड चालवायची, आणि माझे फॉर्म बघून म्हणाली, "दीदी, ये एग्ज़ाम आप दे रही हैं या ले रही हैं?"

मावशीने पहिल्या सकाळी मला मक्खन मलाई खायला घातली. ही फक्त थंडीत मिळते, पिवळसर फेसासारखी, पानाच्या द्रोणात, वर पिस्ते. तोंडात घातली की आहे आहे म्हणेपर्यंत नाही. मी तीन द्रोण खाल्ले. तेव्हाचे भाव सांगून तुम्हाला उगाच रडवत नाही. सकाळी नऊच्या आत जा, ऊन चढलं की ती बसते आणि विक्रेताही घरी जातो.

मग आम्ही चौकात गेलो, म्हणजे जुन्या शहरातल्या चौक नावाच्या बाजारात. महानगरातून गोमती ओलांडून जावं लागतं. शेअर टेम्पोही मिळतात, पण त्यात शिरताना लखनऊच्या अदबशीर माणसांविषयीचे सगळे ऐकीव विनोद विसरा. टेम्पोत कुणी कुणाला आधी बसू देत नाही. आम्ही दोघी रेणूच्या मोपेडवरूनच गेलो. चौकातल्या एका अरुंद गल्लीत चिकनकारीच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या, कपड्यांवर ठसे उठवणारे खलीलचाचा बसायचे. लाकडी ठसा निळ्या रंगात बुडवायचा, पांढऱ्या कापडावर ठेवायचा आणि मुठीने ठोकायचा. उठलेल्या निळ्या वेलबुट्टीवर बायका भरतकाम करतात, आणि मग धुतलं की निळा रंग जातो, नुसता पांढरा दोरा उरतो. चाचा साठीचे, नाकाच्या टोकावर चष्मा, निळी बोटं. मी पहिला प्रश्न छापलेला तसाच वाचला. त्यांनी हातातला ठसा खाली ठेवला, चहा मागवला आणि अगदी मन लावून ऐकलं.

"जी हाँ, बिल्कुल बदल रहा है," ते म्हणाले.

"कारण?"

"आपके ख़याल में क्या हो सकता है?"

मी म्हटलं, धूर, गाड्या, कारखाने असं लोक म्हणतात. "बस वही," चाचा म्हणाले. "धुआँ, गाड़ियाँ, कारख़ाने." गंभीर किती? "अजी बहुत. बहुत ही ज़्यादा."

दोन दिवसांत माझे एक्केचाळीस फॉर्म भरले. अत्तरवाला, पतंगवाला, शिंपी, औषधाच्या दुकानातले डॉक्टर, सगळ्यांनी मला बसवलं, पाजलं, खिलवलं आणि 'अतिशय'वर खूण करू दिली. मी मनातल्या मनात कायमच्या पगाराची पहिली भेळ खाल्लीही. सोलापुरात हेच विचारत फिरले असते तर निम्म्या लोकांनी "तुला काय कामधंदा नाही का गं" म्हणून हाकललं असतं. इथे काय माणसं आहेत, काय जागरूकता आहे, असं मी मावशीला दोन पोळ्या जास्त खात सांगितलं. रेणू नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं की मफलर चाचांच्या दुकानात राहिला. परत गेले. दुकानाच्या पायरीपर्यंत पोचले तेवढ्यात आतून शेजारच्या धागेवाल्याचा आवाज आला.

"और उस मौसम वाली बिटिया को क्या लिखवाया आपने?"

"लिखवाना क्या था," चाचा म्हणाले. "दूर से आई है, नाक सर्दी से लाल, चेहरा उतरा हुआ. हमने कहा गर्मी बहुत बढ़ गई है, तो खिल गई. फिर हमने दो-चार बातें और बढ़ा दीं."

"और जो न बढ़ी हो?"

"तो क्या मेहमान को ख़ाली हाथ भेज देते?"

मी मफलर न घेताच मागे फिरले. गल्लीच्या तोंडाशी रेणू मोपेडवर शेंगा खात बसली होती. माझं तोंड बघून तिने विचारलं काय झालं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "दीदी, मैं तो पहले दिन से देख रही हूँ. कोई 'बहुत' बोलता है तो आप ऐसे मुंडी हिलाती हैं जैसे लॉटरी लगी हो. यहाँ मेहमान को 'ना' कौन बोलेगा?"

मला इतकी लाज वाटली की टोचणारी थंडीही जाणवेना. खोटं कुणीच बोललं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एक्केचाळीस भल्या माणसांनी पुण्याहून आलेल्या पोरीचा पाहुणचार केला होता, आणि तो मी हवामानबदलाविषयीचं जनमत म्हणून शाईने लिहून घेतला होता. फॉर्म बघायला मात्र एकदम चोख. प्रश्न शब्दशः विचारलेले, खुणा ठसठशीत. तसेच नेऊन दिले असते तर सर खूश झाले असते आणि कुणाला कधी कळलंही नसतं. मला स्वतःला कळलं असतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मी बाहेर पडलेच नाही. मावशीने माझा चेहरा बघितला, एकदा माझ्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि पिशवी हातात दिली. "चल, कपूरथलाला जाऊ. सब्जी आणायचीय." कपूरथलाचा बाजार महानगराला लागूनच आहे, आणि मावशी तिथे अशी चालते की भाजीवाले सावरून बसतात. एका गाडीपाशी ती थांबली. मटाराला हातही लावला नाही.

"भैया, वो सामनेवाले का मटर कैसा है?"

"उसका? माताजी, कल का है. पानी मार-मार के ज़िंदा रखा है."

"अच्छा. और लोग तुम्हारे मटर को क्या बोलते हैं?"

भाजीवाला हसला. "लोग तो बोलते हैं महँगा देता है. मीठा है, ये भी बोलते हैं."

मावशीने दोन किलो घेतला आणि चार पावलं गेल्यावर मला म्हणाली, "बघितलंस? तुझा मटार कसा आहे असं विचारलं असतं तर सरळ शहद म्हणाला असता. तुझं मन कशाला मोडेल तो? पंधरा वर्षांत मी एवढंच शिकले. इथे माणसाला त्याचं मत विचारायचं नाही. लोक काय म्हणतात ते विचारायचं. दुसऱ्याचं म्हणून सांगायला मोकळीक असते गं, त्यात स्वतःचंही सगळं येतं."

घरी येऊन आम्ही तिघी मटार सोलत बसलो. अर्धी पाटी मी कच्चीच खाल्ली आणि विचार केला. हा प्रश्न माझ्या फॉर्मवर नव्हता. तो विचारला म्हणजे नियम मोडला. नियम मोडला म्हणजे फॉर्म बाद, आणि फॉर्म बाद म्हणजे सोलापूर, बाबा, फाइल. मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग नको विचारू. इमामबाडा बघ, कपडे घे, आणि जा परत." तिने हे इतक्या सरळ सांगितलं की मला रडू आलं आणि लगेच हसूही. मी एक्केचाळीस फॉर्म वेगळे बांधले. उरलेल्या एकोणसाठ फॉर्मांच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक छोटी फुली करायचं ठरवलं, म्हणजे कोणत्या फॉर्ममध्ये जादा प्रश्न विचारलाय ते लपणार नाही.

चौथ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याची मला अजून आठवण येते आणि मी एकटीच हसते. "मोहल्लेवाले क्या कहते हैं?" एवढं विचारायचा अवकाश, की माणूस पुढे सरसावून बसायचा, आवाज खाली आणायचा आणि सगळं सांगून टाकायचा. अमीनाबाद बाजारातल्या कुल्फीवाल्याने सांगितलं की लोक म्हणतात आकाशात रॉकेटं सोडून भोकं पाडलीत, ऊन तिथून गळतं. शेजारच्या पुस्तकवाल्याला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते लोक म्हणतात ते फ्रिजच्या गॅसमुळे, आणि फ्रिज अमेरिकेत जास्त, मग आपण का घाबरायचं? एका म्हातारबाबांनी शांतपणे सांगितलं की लोक म्हणतात काहीही बदललेलं नाही, त्यांच्या आजोबांनाही त्यांचं बालपण थंडगार वाटायचं. दोघी शिक्षिकांनी पेपरात वाचलेली कोळसा-पेट्रोलची गोष्ट अगदी व्यवस्थित सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "लोग सुनते हैं, फिर स्कूटर स्टार्ट करते हैं. हम भी." मी फॉर्मवर लिहीत होते आणि रेणू मागे उभी राहून हसू दाबत होती.

आता चारही चौकोनांत खुणा पडत होत्या. गोमतीकाठच्या धोबीघाटावर गेलो. चिकनचे कपडे तिथेच धुतात, निळा रंग काढतात. मैलभर दोऱ्यांवर पांढरे कुर्ते वाळत असतात, ते बघायला तरी जा, त्याचं तिकीट नाही. तिथल्या धोब्याला ऊन वाढलं तर आनंदच होता. "लोग रोते हैं गर्मी से," तो म्हणाला. "हमको पूछो तो कोहरा बुरा है. आठ-आठ दिन कपड़ा नहीं सूखता." मी 'मुळीच नाही'वर खूण केली आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही. रेणूने मागून शाबासकी दिली.

पाचव्या दिवशी मलिहाबाद. चौकातून बस जाते, तासाभराचा रस्ता, शेवटचा तुकडा हाडं मोजून देतो. पण दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा सुरू झाल्या की सगळं विसरतं. मोहोर नुकता फुटला होता. बागवाल्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पेरू कापून काळं मीठ लावून दिले. मी म्हटलं लोक काय म्हणतात, तर ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, लोक म्हणतात विटांच्या भट्ट्यांच्या धुराने आंब्याचं टोक काळं पडतं, आणि लोक म्हणतात मोहोर आता लवकर येतो आणि मग पश्चिमेच्या वाऱ्याने झडतो. "और आप?" मी विचारलं. "हम?" ते हसले. "हम भी तो लोग ही हैं, बीबी." परतताना त्यांनी बरोबर दिलेले पेरू आम्ही बसमध्येच संपवले.

सहाव्या दिवशी मावशीने मला छावणीत नेलं. तिथे लष्करी कुटुंबांतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. शांत रुंद रस्ते, चुन्याने रंगवलेली झाडांची खोडं, आणि एका मेजरसाहेबांच्या बंगल्यात वीस-बावीस बायका, कोल्हापूरपासून अकोल्यापर्यंतच्या. तिळगूळ हातात पडायच्या आत मी फॉर्म काढले. सवयीने विचारलं, "लोक काय म्हणतात?" आणि एकदम गदारोळ झाला.

"लोक गेले खड्ड्यात, मी काय म्हणते ते लिही," अकोल्याच्या बाई म्हणाल्या. "मी अकोल्याची. आम्हाला उन्हाचं कौतुक सांगू नका."

"तुमचा प्रश्नच चुकलाय," साताऱ्याच्या एकीने फॉर्म हातात घेऊन सांगितलं. "गंभीर कुणासाठी? इथे बदली तीन वर्षांनी होते. हवामान बदलायच्या आत आम्हीच बदलतो."

सात जणींनी सात कारणं सांगितली, दोघी भांडल्या, एकीने माझा पेन घेऊन स्वतःच खूण केली. मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी पोटभर हसून घेतलं. इथे जादा प्रश्नाची गरजच नव्हती. मावशी येताना रिक्षात म्हणाली, "आपल्या बायकांना फॉर्मही लागत नाही, सुलू. नुसतं समोर बसायचं."

आठव्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. सकाळी एक फॉर्म शिल्लक होता, आणि मफलरही. मी चौकात गेले. रेणूला म्हटलं तू थांब, मी एकटी जाते. चाचा ठसा ठोकत होते. मफलर त्यांनी घडी करून कपाटात ठेवला होता. मी बसले आणि माझ्या मोडक्या हिंदीत सरळ सांगून टाकलं की त्या दिवशी मी बाहेर उभी होते आणि सगळं ऐकलं.

चाचांचा हात थांबला. त्यांचे कान लाल झाले. "बिटिया, बुरा मान गईं आप?"

"बुरा नहीं माना. लेकिन मेरा काम ग़लत हो गया. माझी चूक आहे. मीच," आणि माझं हिंदी संपलं. मी मान हलवून दाखवली, तशीच, लॉटरी लागल्यासारखी. चाचा आधी चकित झाले, मग इतके हसले की चष्मा मांडीवर पडला.

मी शेवटचा फॉर्म काढला आणि विचारलं, "चाचा, गली वाले क्या कहते हैं?"

ते हसतच बोलायला लागले. लोक म्हणतात जनरेटर आले म्हणून. लोक म्हणतात वरच्या मजल्यांवर मजले चढले, हवा अडली. मग ते थांबले. दुकानाच्या उजव्या अंगाला नंतर वाढवलेला सिमेंटचा ओटा होता, त्यावर कापडाचे गठ्ठे रचलेले. चाचा तिकडे बघायला लागले.

"लोग कहते हैं," ते म्हणाले, "इस गली में एक नीम था. जब तक था, जून की दोपहर में भी औरतें उसके नीचे बैठ के कढ़ाई करती थीं. लोग कहते हैं जिसने वो नीम काटा, उसने गली गरम की."

"किसने काटा?"

गल्लीत एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. चाचांनी निळी बोटं लुंगीला पुसली, पुन्हा पुसली.

"हमने. दुकान बढ़ानी थी." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोई मुँह पे नहीं कहता. चार बरस से सब सलाम करते हैं, चाय पिलाते हैं. मगर औरतें अब उधर दूसरी गली में बैठती हैं. लिखिए बिटिया. वजह में लिखिए, नीम. और वो आपका आख़िरी वाला ख़ाना, उसमें निशान लगाइए. बहुत."

मी खूण केली. कारणाच्या रकान्यात 'नीम' लिहिलं, म्हणजे आपला कडुनिंब. मग मी त्यांच्याकडून एक कुर्ता घेतला, ठसे उठलेला, अजून न भरलेला. पैसे घ्यायला त्यांनी चांगलाच वेळ लावला.

परतीच्या वाटेवर धुकं नव्हतं. वेळेवर पोचले, याची कुणीतरी नोंद घ्यावी. मावशीने बरोबर मटाराच्या करंज्या दिल्या होत्या, त्या भोपाळपर्यंतही टिकल्या नाहीत. लखनऊला जाणाऱ्यांना मी आजही सांगते: इमामबाडा बघा, कबाब खात असाल तर खा, नसाल तर छोले-कुलचे खा, पण एक तरी संध्याकाळ कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसून लोक काय म्हणतात ते ऐका. मला त्या आठ दिवसांत पेपरातल्यापेक्षा जास्त कळलं. शास्त्रज्ञ जे सांगतात ते खरंच आहे, आणि आता तर आपण ते सगळे भोगतोय. पण साधा माणूस ते आपल्या गल्लीच्या मापाने मोजतो. कुणाला वाळणारा कपडा दिसतो, कुणाला झडणारा मोहोर. आणि कुणाला स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट दिसते, पण ती सांगायची त्याला सोय हवी असते. त्यानंतर मीही माझ्या लोकांशी जरा वेगळं बोलायला शिकले. बाबांना 'तुम्हाला काय वाटतं' असं न विचारता 'शेजारी काय म्हणतात' असं विचारलं, तर स्थळांच्या फाइलवरून दोन तास गप्पा झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या हसण्यात गेल्या.

पण हे सगळं नंतरचं. पुण्यात उतरले त्याच दिवशी मी सरांसमोर दोन गठ्ठे ठेवले आणि काय घडलं ते मटारासकट सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. नियम मोडलास म्हणाले. मी हो म्हटलं. फुलीचे फॉर्म चाळता चाळता ते चाचांच्या फॉर्मवर थांबले, मग पहिल्या गठ्ठ्यातून चाचांचा जुना फॉर्म शोधून काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"एकच माणूस. दोन्हीकडे 'अतिशय'वर खूण," ते म्हणाले. "मग तू आठ दिवस वेगळं काय मिळवलंस?"

"सर, पहिल्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. दुसऱ्या वेळी झाड होतं तिकडे बघून."

सरांनी चाचांची दोन्ही उत्तरं पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी दोन्ही फॉर्म एका टाचणीने जोडले, भिंतीपाशी रिकामी पडलेली खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस. पुढचा फॉर्म आपण मिळून लिहू." त्या खुर्चीवरून मी निवृत्त होऊनच उठले.